अर्थ नाही, पण नाव आहे : हस्तमुद्रांच्या स्मृतिचाचणीतलं एक प्रकरण

सात मुद्रांची मालिका. प्रत्येक मुद्रा पडद्यावर जेमतेम एक सेकंद, मध्ये अर्धा सेकंद कोरा पडदा, शेवटी तीन सेकंद थांबायचं आणि मग त्याच क्रमानं सगळ्या मुद्रा आपल्या हातानं करून दाखवायच्या. आमच्या प्राथमिक चाचणीत बहुतेकांचा हात तिसऱ्या-चौथ्या मुद्रेनंतर हवेतच थांबायचा. बोटं अर्धवट वाकायची, पुन्हा सरळ व्हायची आणि माणूस मान हलवून ‘गेलं’ म्हणायचा. एका सहभागी बाईंनी मात्र सातही मुद्रा न अडखळता केल्या, हात खाली ठेवला आणि पुढची मालिका येण्याची वाट पाहत बसल्या. पुढची मालिका नव्हतीच. कोणी सातच्या पुढे जाईल असं गृहीत धरून आम्ही मालिका बनवल्याच नव्हत्या.

हे प्रकरण त्या एका आकड्याचं आहे. तो आकडा खरा होता, पण तो कशाचा आकडा होता हे शोधायला आम्हाला आणखी तीन बैठका लागल्या. त्या शोधात आमची सगळी चाचणी बदलली. बाईंच्या परवानगीनंच हे लिहितो आहे. त्यांची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

चाचणी कशी होती

कार्यरत स्मृती, म्हणजे रोजच्या बोलण्यातली वर्किंग मेमरी, ही काही सेकंदांपुरती माहिती हाताशी धरून ठेवण्याची आणि तिच्यावर काम करण्याची क्षमता. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये तिचं जे प्रारूप मांडलं, त्यात बोललेल्या शब्दांसाठी एक कप्पा, दिसणाऱ्या आणि अवकाशातल्या गोष्टींसाठी दुसरा आणि दोघांवर देखरेख करणारी एक मध्यवर्ती यंत्रणा होती. हाताच्या हालचाली यातल्या कुठल्या कप्प्यात बसतात? स्मिथ आणि पेंडलटन यांनी 1989 मध्ये याचं एक नेमकं उत्तर दिलं. मुद्रा लक्षात ठेवत असताना हाताचा आकार बदलत राहण्याचं दुसरं काम दिलं की मुद्रांची आठवण बिघडते. ठिकठिकाणी बोट टेकवत राहण्याचं काम दिलं की जागांची आठवण बिघडते. म्हणजे ‘हात कुठे गेला’ आणि ‘हाताचा आकार कसा होता’ या दोन गोष्टी मनात वेगवेगळ्या ठेवल्या जातात. आम्हाला यातली दुसरी गोष्ट निरोगी प्रौढांमध्ये मोजायची होती.

मुद्रा म्हणजे इथे हाताची एक स्थिर ठेवण. चित्रफितीत फक्त मनगटापासून वरचा उजवा हात दिसायचा, मागे राखाडी पार्श्वभूमी. चेहरा मुद्दाम ठेवला नव्हता, कारण करणाऱ्याच्या डोळ्यांवरूनही माणसं बरंच काही ताडतात. हात जणू आपलाच समोर धरला आहे अशा कोनातून दाखवला होता. समोरच्या माणसाचा हात दाखवला असता तर निम्मे सहभागी आरशासारखी नक्कल करतात आणि निम्मे डावं-उजवं मनात फिरवतात, मग तो फिरवण्याचा खर्च स्मृतीच्या खात्यात जमा होतो. सहभागी सगळे उजव्या हाताचे. हे नुसतं विचारून नव्हे, तर ओल्डफील्ड यांच्या 1971 च्या प्रश्नावलीवरून ठरवलं. प्रत्येक लांबीच्या तीन मालिका, तीनपैकी दोन बरोबर आल्या की एक मुद्रा वाढवायची. आकार आणि क्रम दोन्ही जुळले तरच गुण.

मुद्रा निरर्थक असायला हव्या होत्या, आणि यावर आम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. ओळखीच्या मुद्रा, म्हणजे शाबासकीचा अंगठा किंवा ‘थांब’ म्हणणारा तळवा, वेगळ्या वाटेनं आठवतात. रुमियाती आणि तेस्सारी यांनी 2002 मध्ये दाखवलं होतं की अर्थपूर्ण कृतींची नक्कल निरर्थक कृतींपेक्षा चांगली होते, कारण अर्थपूर्ण कृती दीर्घकालीन स्मृतीतून आयती मिळते. म्हणून आम्ही चाचणीबाहेरच्या काही जणांना प्रत्येक मुद्रा दाखवून विचारलं, ‘याचा काही अर्थ लागतो का?’ ज्या मुद्रांना सगळ्यांनी ‘नाही’ म्हटलं, तेवढ्याच घेतल्या.

प्रश्न बरोबर होता. फक्त तो अपुरा होता, हे पुढे कळलं.

आधीच्या शंका

पहिली शंका गुण देणाऱ्यावर. समोर बसून गुण देणारा माणूस सात मुद्रा इतक्या सफाईनं झाल्या की थोडा उदार होतो. म्हणून चित्रीकरण दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिलं. कोण सहभागी, आधीचे गुण किती, काहीच सांगितलं नाही. तिनं दिलेले गुणही तेच आले. दुसरी शंका पूर्वीच्या सवयीवर. सांकेतिक भाषा येणाऱ्या माणसाला हाताचे आकार हे अक्षरांसारखे असतात. नृत्य शिकलेल्यांचाही हात तयार असतो. या दोन्ही गोष्टी आम्ही सुरुवातीलाच विचारल्या होत्या आणि दोन्हींचं उत्तर ‘नाही’ होतं. वाद्य वाजवता का, विणकाम करता का, हेही आता विचारून घेतलं. तेही नाही. मुद्दाम आकड्यांची नेहमीची चाचणी घेतली, तर सहा-सातच्या घरात. म्हणजे स्मृती चांगली, पण अचाट नाही.

हाच धागा खरं तर तेव्हाच पकडायला हवा होता. मिलर यांनी 1956 मध्ये सांगितलेला ‘सात, दोन कमी किंवा दोन जास्त’ हा आकडा शब्दांच्या आणि अंकांच्या जगातला आहे, जिथे माणूस मनातल्या मनात घोकतो. घोकंपट्टी आणि गटवारी रोखली की क्षमता चारच्या आसपास येते, असं कोवन यांनी 2001 मध्ये मांडलं. पाहिलेल्या कृतींसाठी तर वुड यांच्या 2007 च्या प्रयोगांत आकडा दोन-तीनवरच थांबला होता. बाईंचा मुद्रांचा आकडा त्यांच्या अंकांच्या आकड्याशी जुळत होता, इतर सहभागींच्या मुद्रांच्या आकड्याशी नाही. ही जुळणी वहीत आमच्यासमोर लिहिलेली होती आणि आम्ही वाद्यं आणि विणकाम विचारत बसलो होतो.

ओठ

उत्तर चित्रीकरणात होतं. हातावर नजर ठेवून ते आम्ही तीनदा पाहिलं होतं. चौथ्यांदा आवाज बंद करून चेहऱ्याकडे पाहिलं. पडद्यावर मुद्रा आली की ओठ किंचित मिटायचे, पुढे यायचे, सुटायचे. प्रत्येक मुद्रेला एकदा. तिसऱ्या मुद्रेपाशी दोनदा. शेवटच्या तीन सेकंदांत ओठ एकसारखे हलत होते.

त्यांना परत बोलावलं आणि काही न सुचवता एवढंच विचारलं, ‘मुद्रा पाहताना तुमच्या मनात काय चालू असतं, ते जमेल तसं सांगाल का?’

‘मी त्यांची नावं म्हणते,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं यात सांगण्यासारखं काही नव्हतं. ‘चोच, दाताळं, दात, गळ, दुर्बीण, छप्पर, चिमूट. मग थांबायच्या वेळात पुन्हा तेच.’

‘दात म्हणजे?’

त्यांनी हात वर धरला. चार बोटं ताठ, अनामिका एकटी वाकवलेली. ‘पडका दात. पण पडका दात म्हणत बसले तर पुढचं निघून जातं, म्हणून नुसतं दात.’

या एका वाक्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये दाखवलं होतं की माणूस साधारण दोन सेकंदांत जेवढे शब्द म्हणू शकतो तेवढे त्याला आठवतात. लांब शब्दांची यादी लवकर संपते, छोट्या शब्दांची जास्त वेळ टिकते. बाईंनी हा नियम वाचला नव्हता, त्यांनी तो स्वतःवर वापरला होता. दोन शब्दांचं नाव परवडत नाही म्हणून एक शब्द कापला होता. तिसऱ्या मुद्रेपाशी ओठ दोनदा का हलले, तेही इथेच उलगडलं.

आम्ही अर्थ नसलेल्या मुद्रा निवडल्या होत्या. पण अर्थ नसणं आणि नाव देता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चारही बोटं जुळवून खाली अंगठा टेकवला तर त्याचा ‘अर्थ’ काही नाही, पण चोच दिसायची ती दिसतेच. आम्ही लोकांना अर्थ विचारला, ‘हे कशासारखं दिसतं?’ असं विचारलंच नाही.

चुका काय सांगतात

त्या म्हणतात तसं होत असेल, पण माणसं आपल्या मनाबद्दल सांगतात ते नेहमी बरोबरच असतं असं नाही. स्वतंत्र पुरावा हवा होता, आणि तो त्यांच्या मोजक्या चुकांमध्ये सापडला. पहिल्या बैठकीत त्यांची एकच मालिका चुकली होती, तीही आकारात. मालिकेत अशी मुद्रा होती जिच्यात अंगठा फक्त तर्जनी आणि मधल्या बोटाला टेकतो, उरलेली दोन बोटं आत मिटलेली. त्यांनी त्याऐवजी चारही बोटांना अंगठा टेकवला. दिसायला या दोन मुद्रांत बराच फरक आहे. त्यांच्या यादीत मात्र दोन्ही ‘चोच’. त्यांना नाव बरोबर आठवलं आणि नावावरून हात चुकीचा तयार झाला.

अशा चुकीला इतिहास आहे. कॉनरॅड यांनी 1964 मध्ये अक्षरं फक्त डोळ्यांना दाखवली, तरी लोकांच्या चुका उच्चारात सारख्या असलेल्या अक्षरांमध्ये झाल्या. पाहिलेलं मनात ऐकलं गेलं होतं. याची दुसरी बाजू विल्सन आणि एमरी यांनी 1997 मध्ये सांकेतिक भाषा वापरणाऱ्या बहिऱ्या व्यक्तींमध्ये दाखवली. तिथे हाताचे आकार सारखे असले की चिन्हांची यादी जास्त चुकते, म्हणजे घोकणं हाताच्याच रूपात चाललेलं असतं. चूक कुठल्या शेजाऱ्याकडे घसरते यावरून वस्तू कुठल्या खोलीत ठेवली होती ते कळतं. आम्ही इतके दिवस चुकांची फक्त मोजदाद करत होतो. आता प्रत्येक चूक नोंदवताना ‘काय अपेक्षित होतं’ याच्या शेजारी ‘काय केलं’ हा रकाना आहे.

तोंड बंद करण्याऐवजी चालू ठेवलं

तिसऱ्या बैठकीत नावं घोकण्याचा रस्ता अडवायचा होता. त्याची रूढ पद्धत म्हणजे सहभागीला एखादा निरर्थक आवाज सतत काढायला लावणं. आम्ही ‘ला-ला-ला’ ठरवलं, सेकंदाला दोन. आकडे म्हणायला लावणं टाळलं, कारण आकडे म्हणजे पुन्हा एक क्रम आणि तो स्वतःच स्मृती खातो.

इथे आमच्याकडून एक चूक झाली. ‘ला-ला’ फक्त मुद्रा दिसत असताना चालू ठेवलं, नंतरच्या तीन सेकंदांच्या थांब्यात नाही. बाईंचा आकडा सातवरून सहावर आला, एवढंच. आम्ही जवळजवळ ठरवून टाकलं होतं की नावांचा फारसा वाटा नसावा. त्यांनीच सांगितलं, ‘तुम्ही थांबा म्हणता ना, तेव्हा मी पटकन सगळी नावं लावून घेते.’ तीन सेकंदांत सात नावं बसतात. मग आवाज थांब्यातही चालू ठेवला, उत्तर द्यायला सुरुवात होईपर्यंत. आकडा चारवर आला.

पण चारवर येण्याचं कारण नावं गेल्याचं की दोन कामं एकदम करण्याचा ताण? कुठलंही दुसरं काम लक्ष वाटून घेतं. म्हणून तोच ‘ला-ला’ चालू ठेवून कोर्सीचे ठोकळे दिले. फिलिप कोर्सी यांनी 1972 मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या आपल्या प्रबंधात मांडलेली ही चाचणी. नऊ ठोकळे असतात, परीक्षक काहींना क्रमानं स्पर्श करतो, सहभागीनं तोच क्रम परत करायचा. जागांना नावं नसतात. तिथे त्यांचा आकडा ‘ला-ला’ शिवायही सहा आणि ‘ला-ला’ सकटही सहा. म्हणजे नुसता ताण नव्हता. मुद्रांच्या आठवणीतूनच नावं काढून घेतली गेली होती.

आता चुकाही बदलल्या. ‘चोची’ एकमेकींच्या जागी येणं थांबलं. आता ‘पडका दात’ करताना अनामिकेऐवजी मधलं बोट वाकायचं. अंगठा आत की बाहेर, इथे गोंधळ व्हायचा. घसरण आता शेजारच्या आकारांकडे होती.

आणखी एक गोष्ट दिसली, जी आम्ही शोधत नव्हतो. ‘ला-ला’ म्हणताना त्यांच्या उजव्या बाहीची घडी हलत होती. कॅमेरा टेबलाच्या वरचंच पाहत होता. टेबलाखाली, मांडीवर, उजवा हात प्रत्येक मुद्रा अर्धवट करून बघत होता. विचारलं तर त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, हात हलतोय हे ठाऊक नव्हतं. तोंडाचा रस्ता बंद झाल्यावर घोकणं हातात उतरलं होतं. पुढच्या मालिकांमध्ये दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवायला सांगितले. आकडा तीन. डाव्या हातानं मूठ उघड-मीट करत राहायला सांगितलं तेव्हा तीन मुद्राही डळमळू लागल्या आणि कोर्सी मात्र तसाच राहिला. स्मिथ आणि पेंडलटन यांच्या निष्कर्षाशी हे जुळतं. एका व्यक्तीवरून यापुढे जाऊ नये.

त्यांचे गुण काढून टाकायचे का

आमच्यात यावर बरीच वादावादी झाली. एक मत असं की त्यांनी चाचणी ‘वेगळ्या मार्गानं’ सोडवली, तेव्हा त्यांची नोंद बाद करावी. मला हे साफ अमान्य होतं. सूचनेत ‘नावं देऊ नका’ असं कुठेही नव्हतं, आणि असतं तरी उपयोग नव्हता. नाव सुचतं ते आपल्याला विचारून सुचत नाही. जगातली बहुतेक माणसं दिसेल त्याला नाव देतात. निरोगी प्रौढाची खरी क्षमता मोजायची तर ती याच सवयीसकट आहे. बाद करायचीच तर आमच्या मुद्रांची यादी बाद करायला हवी होती.

यात मला इतका रस असण्याचं कारण निरोगी माणसं नाहीतच. निरोगी प्रौढांचे गुण ही पट्टी असते, आणि पट्टी नंतर रुग्णांवर लावली जाते. मेंदूच्या डाव्या भागाला पक्षाघातात इजा झाली की अनेकांना हाताच्या कृती जमेनाशा होतात, हात लुळा नसतानाही. हुगो लिपमान यांनी 1900 च्या सुमारास वर्णन केलेली ही अवस्था. त्याच इजेत भाषाही वारंवार जाते. आता आमची जुनी यादी अशा रुग्णाला दिली असती तर? निरोगी माणूस ‘चोच, दाताळं, गळ’ म्हणत सहा-सात मुद्रा आठवतो, रुग्णाला शब्दच सापडत नाहीत, तो तीनवर थांबतो. अहवालात लिहिलं जातं : मुद्रांची स्मृती कमी. प्रत्यक्षात मुद्रांची स्मृती कदाचित शेजारच्या निरोगी माणसाएवढीच आहे, गेली आहे ती भाषा. त्या अहवालावरून त्याला हाताचे व्यायाम सांगितले जातील आणि त्याच्या घरचे महिनोन्‌महिने ते करून घेतील.

हा धोका आमच्याच यादीपुरता नाही. मूठ, हाताची कड आणि तळवा ही मेंदूतज्ज्ञ लुरियांची तीन पायऱ्यांची मालिका घ्या, किंवा कॉफमन यांच्या 1983 च्या मुलांसाठीच्या चाचणीसंचातली हाताच्या हालचालींची उपचाचणी. तिथेही मूठ, तळवा आणि कड याच तीन ठेवणी. तिन्हींना आधीपासून छोटी, स्वच्छ नावं आहेत. या चाचण्या आपापल्या कामाला उपयोगी आहेत. फक्त त्यातला आकडा म्हणजे निव्वळ हाताची स्मृती असं समजून चालता येत नाही.

यादी पुन्हा बांधली

नाव न सुचणारी मुद्रा बनवायचा प्रयत्न आठवडाभर केला आणि सोडून दिला. कुठलाही आकार दाखवा, कोणाला तरी त्यात काही तरी दिसतं. मग उलटा विचार केला : नाव सुचू दे, पण ते अपुरं पडू दे. मुद्रा जोडीनं बनवल्या. दोन चोची, एक चार बोटांची, एक दोन बोटांची. दोन पडके दात, एकात अनामिका वाकलेली, दुसऱ्यात मधलं बोट. दोन दुर्बिणी, एकीत करंगळी मिटलेली, एकीत सुटलेली. एका मालिकेत जोडीपैकी एकच येते, कुठली ते आधी ठाऊक नसतं. ‘चोच’ एवढं घोकून आता भागत नाही. ‘दोन बोटांची चोच’ घोकायला वेळ पुरत नाही. या वेळी बाहेरच्या लोकांना अर्थ विचारला नाही, ‘पटकन एक शब्द सांगा’ म्हटलं, आणि ज्या जोडीला बहुतेकांनी एकच शब्द दिला ती घेतली.

प्रत्येक सहभागी आता दोनदा चाचणी देतो, एकदा मोकळी आणि एकदा ‘ला-ला’ म्हणत, तळवे टेबलावर ठेवून. दोन्ही आकडे वेगळे नोंदवले जातात. त्यांची सरासरी काढत नाही, कारण त्या दोघांमधला फरक हीच खरी माहिती आहे. करून दाखवण्याऐवजी ‘दोन मालिका सारख्या की वेगळ्या’ एवढंच विचारण्याचा पर्यायही तपासला. ज्यांची बोटं वयामुळे आखडली आहेत त्यांच्यासाठी तोच बरा. मात्र तिथे नुसत्या अंदाजानंही निम्मी उत्तरं बरोबर येतात, म्हणून गुण मोजताना अंदाजाचा वाटा वजा करावा लागतो.

बाई चौथ्यांदा आल्या ते नव्या यादीसाठी. मोकळ्या चाचणीत चार, ‘ला-ला’ सकट तीन. पहिल्या दोन मालिकांनंतर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘नाव येतं, पण त्याच्यावर भरवसा नाही वाटत आता. हात बघायला लागतो.’

चाचणीनंतरच्या पाच मिनिटांच्या बोलण्याला पूर्वी आमच्याकडे जागाच नव्हती. सहभागी उठायचे, सही करायचे, जायचे. आता बाईंना विचारलेला ‘मनात काय चालू असतं’ हा प्रश्न सगळ्यांना विचारला जातो, त्याच शब्दांत. बाईंच्या दुसऱ्याच दिवशी आलेल्या एका गृहस्थांचा मोकळ्या चाचणीतला आकडाही चारच होता. मनात काय चालू होतं विचारल्यावर त्यांनी थोडा विचार केला, उजवा हात मांडीवरून उचलला आणि काही न बोलता बोटं एकेक करून हलवून दाखवली. नोंदवहीत त्या दोघांचे चार-चार शेजारी शेजारी आहेत, आणि दोघांपुढचा शेरा वेगळा आहे.